पालथा पेला

महिन्यातला पहिला शुक्रवार आला की आदल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी माझा ॲल्युमिनियमचा पेला धुऊन खिडकीत पालथा घालत असे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मिस्सेची उपासना होऊन कम्युनियनची पवित्र भाकर घेईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. खोलीतल्या दोघी मला हसत. हसोत बापड्या. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, बी.ए.च्या पहिल्या वर्गात होते आणि कुणी हसलं की हातातलं काम दुप्पट जोरात करायची माझी सवय होती. तो स्वभाव अजून गेलेला नाही.

बहात्तरचं साल होतं. नगरला सिस्टरांच्या वसतिगृहात आम्ही तिघी कॅथलिक मुली एका खोलीत राहत होतो. एक राहुरीकडची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली, त्यामुळे तिच्या अंगावर तजेला होता आणि बोलण्यात ऐट होती. दुसरी संगमनेरची, देवभोळी आणि जरा घाबरट. आणि मी मिरजगावपासून जामखेडच्या अंगाला चार कोस आत असलेल्या एका कोरड्या खेड्यातली. ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघींनी ठरवलं, नऊ शुक्रवार करायचे. म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाच्या नावानं सलग नऊ महिने प्रत्येक पहिल्या शुक्रवारी पापनिवेदन, मिस्सा आणि कम्युनियन. मनात एक हेतू धरायचा, तो नववा शुक्रवार होईपर्यंत कुणाला सांगायचा नाही. मधला एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण शनिशिंगणापूरकडची होती आणि तिचे सोळा सोमवार चालू होते. तिला हे एका वाक्यात समजलं.

"म्हणजे तुमचं व्रतच की गं! मग उद्यापनाला काय करता?"

"काही नाही. नववा झाला की झालं."

"असं कसं? शेवटी कुणाला तरी जेवू घालायचं, काहीतरी वाटायचं. उद्यापनाशिवाय व्रत पुरं कसं होईल?"

मला तिचा राग आला, कारण उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी मी राहुरीकडचीला विचारलं तर ती म्हणाली, "तू तिचे सोमवार कर आणि तिला तुझे शुक्रवार दे, म्हणजे दोघींचं भागेल."

चौथ्या शुक्रवारी संगमनेरची गळाली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिनं पेरूची एक फोड खाल्ली आणि सात वाजता कम्युनियन घेतली. तेव्हा नियम फक्त एक तास आधी न खाण्याचा होता, म्हणजे दहा मिनिटं कमी पडली. राहुरीकडचीचं म्हणणं, वसतिगृहाचं घड्याळ पुढे धावतं, फोड सहाच्या आतच गेली असणार. त्यावर आमच्या खोलीत दोन दिवस खटला चालला. शेवटी संगमनेरचीनं स्वतःच निकाल दिला की माझे मोडले, आणि पुढच्या महिन्यापासून ती पुन्हा एकपासून मोजायला लागली, तेही हसत. मला तिचं तेव्हा नवल वाटलं होतं. माझे मोडले असते तर मी घड्याळ फोडलं असतं.

आम्ही दोघी मात्र चिकटून राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मुली गेल्या तरी शुक्रवारसाठी मागे थांबलो. नाताळची सुट्टी अर्धवट टाकून परत आलो. एका शुक्रवारी मला ताप होता, तरी शाल गुंडाळून गेले.

खोलीत संध्याकाळी रोझरीची माळ व्हायची तेव्हा एकीनं प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा उत्तर म्हणून द्यायचा. ते उत्तर देताना माझ्या कानात अण्णांचा आवाज असे.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिशननं नेमलेले आमच्या गावचे धर्मशिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. फादर दोन महिन्यांतून एकदा मिस्सेला येत, बाकीचे सगळे दिवस अण्णाच. आमचं देऊळ म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. दारातल्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. रोज दिवेलागणीला अण्णा लोखंडी कांबेनं तिच्यावर तीन-तीन टोले देत आणि पंधरा-वीस घरं प्रार्थनेला जमत. गावातल्या बाकीच्या घरांतूनही त्या टोल्यांवर दिवा लागायचा, मग तो कुठल्याही देवापुढचा असो.

पेला पालथा घालायची रीत अण्णांचीच. मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी ते घरातले सगळे पेले पालथे घालत. मध्यरात्रीनंतर अन्न नाही आणि पाणीही नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो सगळ्या कॅथलिक घरांना लागू होता. फादरची फटफटी कधी नऊला यायची, कधी अकराला. नऊ वर्षांची असताना मी अशीच वाट बघता बघता भोवळ येऊन देवळातच पडले होते. शुद्धीवर आले तर अण्णा आईला सांगत होते, "पडली, पन पानी मागितलं न्हाई." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं जगले. घरात कुणी काही बोललं की मला ते वाक्य आठवायचं आणि मान ताठ व्हायची.

वसतिगृहातल्या सिस्टरांनी पहिल्याच शुक्रवारी सकाळी माझा पालथा पेला पाहिला.

"हे काय गं?"

"उपास, सिस्टर. कम्युनियनचा."

"पाण्याचा? अगं, पाण्यानं हा उपास मोडत नाही. तू जन्मायच्या आधीपासून पाणी चालतं. आणि खाण्याचाही आता एकच तास राहिलाय."

त्या सहज बोलून गेल्या. मी मात्र दिवसभर सुन्न होते. मला वाटलं, बिचाऱ्या अण्णांना हे कुणी कळवलंच नसेल. त्या कोपऱ्यातल्या खेड्यात कोण कशाला कळवेल? इतकी वर्षं ते मोडीत निघालेला नियम पाळत बसले. हे त्यांना समजलं तर त्यांना काय वाटेल, या विचारानं मला रडू आलं. त्यांना कधीही सांगायचं नाही आणि आपण पाणीही प्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. सिस्टरांचा नियम खरा असेल, पण माझा नियम अण्णांचा होता.

माझा हेतूही अण्णांचाच होता. तो आता सांगायला हरकत नाही.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या होत्या. मी नगरला निघायच्या आदल्या आठवड्यात अण्णांनी पावसासाठी नऊ दिवसांची प्रार्थना लावली. लोक गुडघे टेकून बसायचे, पत्रे तापलेले असायचे. आठव्या दिवशी अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या येताना इस्वास घिऊन या. खोळ घिऊन या." आणि खरोखरच नवव्या दिवशी लोक पावसात डोक्यावर घ्यायच्या पोत्याच्या खोळी घेऊन आले. मीही आणली होती. प्रार्थना संपली, आम्ही बाहेर आलो, तर आभाळ धुतल्यासारखं साफ.  कुणी हसलं नाही. सगळे खोळींची घडी काखेत मारून घरी गेले. अण्णा दारात उभे राहून त्या घड्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून घंटा बंद झाली. अण्णांनी कांब घरातल्या आढ्याला खोचून ठेवली आणि देवळाला कडी घातली. फादर मिस्सेला आले की अण्णा तेवढे शेताकडे जात. पुढे दुष्काळी कामं निघाली. गावापासून अर्ध्या कोसावर पाझर तलावाचं काम सुरू झालं, निम्मं गाव तिथं माती उपसायला जाऊ लागलं. अण्णांना लिहिता-वाचता येत होतं म्हणून त्यांना हजेरी घ्यायला बसवलं. जो माणूस संतांची नावं वाचायचा तो आता मजुरांची नावं वाचत होता. आई म्हणायची, "पाऊस न्हाई त्याचं काय न्हाई गं. पन घरात मुकं मानूस बघवत न्हाई."

तर माझा हेतू एवढाच होता की अण्णांनी पुन्हा घंटा वाजवावी. पाऊस मागायचं धाडस मला झालं नाही.

आठ शुक्रवार नगरात पार पडले. नववा आला मे महिन्यात, सुट्टीत, आणि मी गावी होते. जवळचं चर्च मिरजगावच्या वेशीला, सडकेवर, म्हणजे चार कोस. राहुरीकडचीला तिच्या घरापासून चर्च हाकेच्या अंतरावर. निघताना ती म्हणाली होती, "तू पोचलीस तर मी मानीन." झालं, आता तर मी रांगत गेले असते.

गुरुवारी संध्याकाळी मी पेला धुतला आणि चुलीजवळच्या फळीवर पालथा घातला. अण्णांनी तो पाहिला. ते जेवण अर्धं टाकून उठले.

"पोरगी येकली जानार व्हय चार कोस?" आईनं त्यांच्या पाठीला विचारलं.

उंबऱ्यातून उत्तर आलं. "मी दारापतूर जाईन. आत न्हाई."

पहाटे फटफटायच्या आधी आम्ही निघालो. अण्णांच्या खांद्याला पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या होता. आम्ही पाझर तलावाच्या कडेनं गेलो तेव्हा तिथं अजून कुणी नव्हतं, नुसते मातीचे ढीग आणि टेकवून ठेवलेले टिकाव. वाटेत आम्ही दहा शब्दही बोललो नसू. तांब्यातलं पाणी तेवढं डुचमळत होतं. अण्णांनी त्याची फिरकी एकदाही उघडली नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. 

साडेआठच्या सुमाराला चर्च दिसलं. दार लोटलेलं. एक बाई अंगण झाडत होती.

"मिस्सा?" ती म्हणाली. "ती तर सकाळी सहालाच झाली. ऊन लई, म्हनून फादर आता लवकर करत्यात. आन फादर गेलं की सुकडी घिऊन तळ्याच्या कामावर."

सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या लोकांना वाटायचं ते गोडसर पौष्टिक पीठ. आणि तळं म्हणजे तेच, ज्याच्या कडेनं आम्ही तीन तासांपूर्वी पाऊलवाटेनं आलो होतो; फादर फटफटीवर सडकेनं गेले असणार.

माझ्या डोळ्यांपुढून आठही शुक्रवार सरसर गेले. मी रडले नाही, चिडले. चर्चच्या पायरीवर बसकण मारली आणि म्हणाले, "आता मी हितनं हलनार न्हाई." त्याचा काही उपयोग नव्हता हे मलाही कळत होतं.

 अण्णांनी तांब्या दुसऱ्या खांद्यावर घेतला. "ऊठ. तळ्यावर गाठू त्येंला."

येताना ते माझ्या मागे होते, जाताना पुढे. मला त्यांच्या चालीबरोबर अक्षरशः पळावं लागलं. नऊनंतरचं मे महिन्यातलं ऊन आमच्याकडे काय असतं ते ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. वाटेत सावलीला एक झाड नव्हतं, जी होती त्यांचा पाला जनावरांच्या पोटात गेला होता. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पण अण्णा चालत होते आणि तेही मिस्सेच्या वाटेला चालत होते, यानं मला इतका आनंद झाला होता की पाय आपोआप पडत होते.

तळ्यावर पोचलो तेव्हा बाराच्या सुट्टीसाठी काम थांबत होतं. फादर बाह्या सरसावून सुकडीच्या पोत्याशी उभे. मी धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं. ते वयस्क होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या अण्णांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"पाच वाजता काम सुटतं ना, मास्तर?"

"व्हय."

"मग पाचला इथंच मिस्सा करू. मिस्सेची पेटी घेऊन येतो." आणि फटफटीला लाथ मारून ते निघूनही गेले.

पाच तास राहिले होते. एका मातीच्या ढिगाच्या अरुंद सावलीत मी बसले. आमच्या गावच्या बाया भोवती जमल्या. त्यांत एक म्हातारी होती, तिला सगळं गाव आत्या म्हणायचं. पावसाच्या प्रार्थनेत सगळ्यांत पुढे बसणारी तीच. तिनं डेऱ्यातलं पाणी भरून आणलं.

"पी पोरी. तोंड बग कसं काळंठिक्कर पडलंय."

"न्हाई आत्या. पाचनंतर."

"आगं, मरशील."

"मरू दे."

हे मी जरा ऐटीतच म्हणाले असणार. पण डोळ्यांपुढे खरोखर अंधारी येऊ लागली होती. मला नऊ वर्षांची मी आठवत होते. पडली, पण पाणी मागितलं नाही. आत्यानं पदरानं वारा घातला. तेवढ्यात अण्णा समोर येऊन बसले. त्यांनी फिरकीचा तांब्या उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"पी."

"अण्णा, माज्यासाटी नियम मोडू नका."

"मोडत न्हाई." त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "त्यो नियम न्हाई. पानी चालतं. वीस वर्सं झाली, पानी चालतं."

मला आधी नीट समजलंच नाही. नऊ महिने मी त्यांच्यापासून जे लपवून ठेवलं होतं तेच ते मला सांगत होते.

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मी देवळात पडले तवाबी?"

"तवाबी."

तहान कुठल्या कुठे गेली. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. ज्या वाक्यावर मी मान ताठ करून जगले ते सगळं पोकळच होतं की काय, असं वाटून गेलं. भोवती माणसं आहेत याचंही मला भान राहिलं नाही.

"मग सांगितलं का न्हाई?" मी ओरडले.

"सोपं केलं की मानूस सोडून देतं, आसं वाटायचं मला."

"आन अवघड ठिवून काय झालं? कुनीच न्हाई सोडलं. तुमीच सोडलं!"

 भाकरी खात बसलेले गडी वळून बघायला लागले. अण्णांची मान खाली गेली आणि मला वाटलं, झालं, आता हे उठून जातील आणि माझे नऊच्या नऊ शुक्रवार मातीत. मी स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या.

अण्णा उठले खरे, पण गेले नाहीत. ज्या दगडावर उभं राहून ते रोज हजेरी घेत त्यावर चढले.

"आयका समदी," ते म्हणाले. "मिस्सेच्या आदी पानी प्यायचं न्हाई म्हनून मी तुमाला वीस वर्सं सांगितलं. ते खरं न्हवतं. पानी चालत हुतं. मला पत्रानं कळलं हुतं, मी तुमाला कळू दिलं न्हाई. लेकराबाळांना तानलेलं ठिवलं. पावसाचं जसं चुकीचं बोललो तसंच हे बी. माजं चुकलं."

 आणि मग आत्या हसली. आधी नाकातून, मग दात नसलेलं तोंड उघडून, मग पोट धरून.

"आरं मास्तर, आमी कवा बिनपान्याचं आलो? आंधारात घटाघटा पिऊन यायचो की! तुमी दारात उबं ऱ्हाऊन तोंडाकडं बगायचा, म्हनून व्हट तेवडं पदरानं कोरडं करून यायचो."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून कदी बोललो न्हाई," दुसरी म्हणाली.

"मी तर भाकरीचा तुकडाबी खायचो," मागून एका गड्यानं कबूल केलं.

"भाकरी न्हाई चालत!" अण्णा दगडावरून कडाडले. "भाकरी तवा न्हाई चालायची! आता बी तासभर आदी तोंडात काय घालायचं न्हाई. पाचला मिस्सा हाय, कम्युनियन साडेपाचच्या आत न्हाई यायची, म्हंजे साडेचारनंतर ज्यानं खाल्लं त्यानं रांगेत यायचं न्हाई. समजलं का?"

बोलता बोलता ते थांबले. दहा महिन्यांनी त्यांच्या तोंडून धर्माचा नियम बाहेर पडला होता आणि ते त्यांनाही कळलं. सगळा तलाव हसत होता, त्यात आमच्यात नसलेली कुणबी आणि वंजारी माणसंही होती. अण्णाही हसले. हसता हसता दगडावर खाली बसले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले.

"आन पावसाचं म्हनाल," आत्या आता हसत नव्हती, "तर खोळ मी माज्या मनानं आनली हुती. तुमी सांगितलं म्हनून न्हाई. पाऊस आला न्हाई म्हनून आमी कुनी तुमच्यावर रागावलो न्हाई. तुमीच आमच्यावर रुसून बसला. घंटा न्हाई तर दिवा कवा लावायचा ते बी कळंना झालंय."

तांब्या माझ्या हातात होता. मी पाणी प्यायले. कोमट होतं, तांब्याचा वास येत होता, आणि तसं पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही. अर्धा तांब्या उरवून मी अण्णांकडे दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. पहाटेपासून तेही माझ्याबरोबर कोरडेच होते.

पाचला फादर आले. माती वाहायच्या पाट्या उलट्या रचून त्यावर पांढरं कापड अंथरलं. मिस्सेच्या आधी मी पापनिवेदन करून आले, मग अण्णा आणि फादर दगडांच्या ढिगामागे गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पापनिवेदनातलं कुणाला ठाऊक नसतं. परत आले तेव्हा अण्णा सगळ्यांच्या मागे उभे राहिले. आत यायचं नाही असं ते म्हणाले होते, पण तिथं दारच नव्हतं.

फादरांनी सुरुवातीचे शब्द म्हटले आणि लोकांच्या उत्तरासाठी थांबले. कुणाला उत्तर आठवेना. आमच्या गावाला अण्णांच्या आवाजामागे बोलायची सवय होती, तो आवाज नाही तर शब्दही नाहीत. मला येत होतं, पण मी मुद्दामच तोंड उघडलं नाही. देव मला क्षमा करो, त्या क्षणी मी प्रार्थना करत नव्हते, वाट बघत होते.

मागून उत्तर आलं. स्पष्ट, भरदार, जसं माझ्या लहानपणी यायचं तसं. त्यामागे आत्याचं, मग सगळ्यांचं.  मी जिंकले होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. नववी कम्युनियन घेताना माझ्या जिभेवर मातीची कचकच होती.

घरी निघालो ते सगळे मिळूनच, पन्नासेक माणसं. गावात शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. अण्णा घरात गेले, आढ्याची कांब काढली आणि तडक लिंबाखाली आले. पहिला टोला पडला तशी आई हातातलं पीठ न धुता धावत बाहेर आली. तिला वाटलं कुठे आग लागली. समोर अण्णांना पाहून ती जागच्या जागी उभी राहिली, पिठाच्या हातानंच पदर डोक्यावर घेतला आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडली. टोले नऊ झाले. समोरच्या आळीत एक दिवा लागला, मग दुसरा.

देवळाची कडी काढायच्या आधी अण्णा पुन्हा घरात गेले. त्या दिवसांत घरात दोन हंडे पाणी होतं, तेही टँकरचं. त्यांतला एक हंडा त्यांनी खांद्यावर आणून देवळाच्या पायरीवर ठेवला, शेजारी फळीवरचा माझा पेला आणून उताणा मांडला आणि म्हणाले, "ज्याला तान लागली आसंल त्यानं आदी पानी प्यावं. मग आत यावं."

मला शिंगणापूरकडच्या मैत्रिणीची आठवण झाली. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर तिला पहिलं हेच सांगायचं होतं की उद्यापन झालं, सबंध गावाला पाणी पाजून झालं.

त्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. पण तो सगळ्या जिल्ह्यावर झाला, त्याचं श्रेय मी माझ्या शुक्रवारांना देत नाही. त्या संध्याकाळी आभाळ साफच होतं. रांगेत पहिली आत्या होती. तिनं पेला काठोकाठ भरला, अण्णांच्या डोळ्यांत बघत आवाज करत रिकामा केला आणि ओले ओठ न पुसता त्यांच्या हातात दिला.

"आता मागा पाऊस, मास्तर," ती म्हणाली. "आता घसा वला हाय."

अण्णा हसले. आत जाऊन त्यांनी गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली आणि प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हटला. उरलेला अर्धा आम्ही दिला, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.